मास्तरांचं माप

ज्या दिवशी मास्तरांनी आपल्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतःचा फोन नंबर टाकला, त्या दिवशी कॉम्प्युटरने त्यांना ओळख दाखवली नाही. पडद्यावर एवढंच आलं: ‘या नंबराचं गिऱ्हाईक नाही.’

मास्तरांना वाटलं, बोट चुकलं. ते एकाच बोटाने टाइप करत, आणि ते बोट सुया टोचून टोचून इतकं निबर झालेलं की दोन बटणं एकदम दाबली तरी त्याला कळत नसे. त्यांनी पुन्हा नंबर टाकला. चष्मा पुसून पुन्हा टाकला. मग एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकला, जसं काही कॉम्प्युटरला ऐकू कमी येत होतं.

‘या नंबराचं गिऱ्हाईक नाही.’

मास्तर स्टुलावर बसले. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. या वर्षात त्यांनी हा नंबर एकदाही टाकला नव्हता, आणि न टाकण्यातच शहाणपण आहे असं ते धरून चालले होते.

हा कॉम्प्युटर बायकोने बसवला होता. ती एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरांची देखभाल करायची. हजारो माणसं एकाच वेळी काहीतरी विचारतात आणि प्रत्येकाला पापणी लवायच्या आत उत्तर द्यावं लागतं, असले ते कॉम्प्युटर. निवृत्त झाल्यावर घरात बसेल तर ती कसली. दुसऱ्याच दिवशी दुकानात आली, मास्तरांच्या मापांच्या वह्या चाळल्या आणि म्हणाली, “मास्तर, ही वही आहे की उंदरांची खानावळ?”

लग्न झाल्यापासून ती त्यांना मास्तरच म्हणायची. सगळं गाव म्हणतं तर मी कशाला वेगळं नाव शोधू, असं तिचं म्हणणं. मास्तर तिला बाईसाहेब म्हणत. ते मात्र सगळं गाव म्हणत नसे.

तर बाईसाहेबांनी दुकानासाठी एक प्रोग्राम केला. गिऱ्हाइकाचा नंबर टाकला की त्याचं माप समोर. आणि हे सगळं ठेवलं मेमरीत. डिस्कवर का नाही, असं मास्तरांनी विचारलं नव्हतं, कारण त्यांना दोन्हीतलं एकही माहीत नव्हतं. पण विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही, असा तिचा स्वभाव नव्हता.

“डिस्क म्हणजे आपला माळा,” ती म्हणाली. “कितीही कोंबा, मावतं. पण काढायचं झालं की शिडी लावा, खोकी हलवा, शिंका द्या. मेमरी म्हणजे हे तुमचं कापायचं टेबल. हात पुढे केला की कात्री. मी सगळी मापं टेबलावरच ठेवणार.”

“आणि लाइट गेली की?”

“टेबल साफ. म्हणून दिवसातून काही वेळा टेबलावर जे असेल त्याची नक्कल काढून माळ्यावर टाकायची. नवी टाकली की जुनी फेकायची. मशीन आपसूक करेल ते, तुम्ही उठायचं नाही.”

मास्तरांनी पडद्यावर बघितलं. “मग निम्मंच टेबल का दिलंस मापांना? उरलेलं निम्मं रिकामं?”

“तुम्ही टेबलभर सामान मांडून कापड पसरता का?”

“नाही.”

“मशीनलाही पसरायला जागा लागते. नक्कल काढणं चालू असतं, तेवढ्यात गिऱ्हाईक येतं, माप बदलतं. मग नवं माप एकीकडे मांडायचं आणि नक्कल पुरी होईपर्यंत जुनंही धरून ठेवायचं. त्या वेळी जागा नसेल तर नक्कल निघतच नाही. म्हणून ते निम्मं रिकामं म्हणजे रिकामं. तिथे हात लावायचा नाही.”

“आणि मापांचं निम्मं भरलं तर?”

“तर ज्या मापाला सगळ्यात जास्त दिवस कुणी हात लावला नाही, ते आधी टाकून द्यायचं.”

इथे मात्र मास्तर उसळले. “माझ्या गिऱ्हाइकाचं माप टाकून देणार? मला न विचारता?”

“जो माणूस वर्षानुवर्षं फिरकला नाही, त्याचं माप काय चाटायचंय? त्याचं पोट काय तुमच्यासाठी थांबलंय?”

शिंप्याला हे कबूल करावंच लागतं. पोट कुणासाठी थांबत नाही.

मास्तरांना टाइप करणं जमेना म्हणून तिने एक माइक लावला. प्रत्येक मापाला एक शेरा, बोलून ठेवायचा. पुढच्या वेळी नंबर टाकला की माप दिसणार आणि शेरा ऐकू येणार. व्यवस्था मास्तरांसाठी केली खरी, पण काउंटरवर बसायची तीच, म्हणून शेरेही सगळे तिचेच. आणि ते गिऱ्हाइकासमोर वाजायला नकोत, म्हणून कानात घालायची एक वायर.

बँकेतल्या साहेबांचा नंबर टाकला की ती म्हणायची, “पोट आत घेऊन उभे राहतात. दोन बोटं वाढवा. त्यांना सांगू नका, आधीच बिचारे श्वास धरून आहेत.” दातांच्या डॉक्टरीणबाईंना: “खिसे मागतात, खिशात काही ठेवत नाहीत. हात ठेवतात. खिसे खोल करा.” ट्रंपेट वाजवणाऱ्या माणसाला: “वाजवताना छाती फुगते. माप घेताना वाजवायला लावा. शेजाऱ्यांची मी समजूत घालते.”

ती गेल्यावर हे शेरे तसेच राहिले. मास्तर वायर कानात घालून काउंटरवर बसू लागले. गिऱ्हाइकांना वाटलं, बायको गेली आणि मास्तरांचे कानही गेले. लोक मोठ्याने बोलू लागले. मास्तरांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. बँकवाले साहेब ओरडून विचारत, “गुरुवारी मिळेल का?” आणि त्याच वेळी कानात ती म्हणत असे, आधीच बिचारे श्वास धरून आहेत. मास्तर हसत. साहेबांना वाटे, माणूस सावरतोय.

मग मास्तर उत्तर देऊ लागले. गिऱ्हाईक गेलं की माइक तोंडापाशी ओढायचा आणि तिच्या शेऱ्याखाली आपला शेरा ठेवायचा. सुरुवातीला कामाचं. “दोन बोटं वाढवली होती, आता तीन लागतात. बढती झालीय.” पुढे पुढे बिनकामाचं. डॉक्टरीणबाईंच्या खिशांवरून सुरुवात करून गळक्या नळापर्यंत जायचे, नळावरून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यावरून मागच्या गल्लीत कुत्रीने घातलेल्या पिल्लांपर्यंत. माप एका ओळीचं, शेरा अर्ध्या तासाचा. सगळा बोलून ठेवलेला आवाज मापांच्या शेजारी, मेमरीत जाऊन बसत होता. मास्तरांना वाटे, ही हवा आहे, हिला जागा किती लागणार.

एक दिवस पडद्यावर आलं की जागा संपत आली. मास्तरांनी शेजारच्या मोबाईलवाल्याला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत निदान केलं. “मास्तर, निम्मी मेमरी फुकट पडलीय. निम्म्या दुकानाला कुलूप लावून उरलेल्या निम्म्यात गर्दी करण्यातला प्रकार.”

“तिने सांगितलंय, तिथे हात लावायचा नाही.”

“तुम्ही नका लावू. मी लावतो.”

मास्तरांनी विचार केला. तसं बघितलं तर बायकोचा शब्द मोडत नव्हता. मोबाईलवाल्याने हात लावला, जवळजवळ सगळं टेबल मापांना दिलं, आणि मास्तर पुन्हा बोलायला मोकळे झाले.

काही दिवसांनी पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण दिसू लागला. खाली बारीक अक्षरं: ‘नक्कल निघाली नाही.’ मोबाईलवाला म्हणाला, असं येतच असतं. मास्तरांना तो त्रिकोण डोळ्यांत खुपे. त्यांनी अस्तराचा एक तुकडा बरोबर त्या मापाचा कापला, कडा नीट दुमडल्या आणि चिकटपट्टीने पडद्याच्या कोपऱ्यावर लावून टाकला. काम चोख झालं. त्रिकोण दिसेनासा झाला.

आता त्यांच्या स्वतःच्या मापाचं.

दवाखान्यात जायच्या थोडे दिवस आधी बाईसाहेबांनी राखाडी रंगाचं कोटाचं कापड आणून कपाटात ठेवलं. मास्तर गावाचे कोट शिवायचे आणि स्वतः असे फिरायचे की दुकानाला आग लागली आणि एवढंच वाचलं. हे वाक्य तिचंच.

“स्वतःला एक कोट शिवा,” ती म्हणाली.

“माप कोण घेणार? स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. टेप धरायला हात उचलला की खांदा हलतो.”

“मी घेतलंय.”

“तू? कधी? मी कधी उभा राहिलो?”

“तेच तर. उभे राहाल तेव्हा ना. घेतलंय, मशीनमध्ये घातलंय, वर शेराही आहे. कसं घेतलं ते शेऱ्यात ऐका.”

मास्तर म्हणाले, बघू, या गडबडीतून मोकळे होऊ. त्या गडबडीतून ती परत आली नाही.

नंतर दुकानातला तिचा प्रत्येक शेरा त्यांनी ऐकला. पुन्हा पुन्हा ऐकला. पाठ झाले सगळे. एकच शेरा न ऐकलेला उरला होता. तेवढं एक तिचं अजून बोलायचं होतं. ऐकलं की संपलं. म्हणून मास्तरांनी स्वतःच्या नंबराला हात लावला नाही. चांगलं कापड माणूस जसं न कापता ठेवतो, तसा तो शेरा ठेवला.

तो ऐकायची वेळ आणली मेहुणीने. बायकोची धाकटी बहीण, तिला सगळे धाकटीच म्हणत. तिच्या लेकीचं लग्न ठरलं. धाकटीने फोन करून सांगितलं, “भाऊजी, त्या उसवलेल्या कॉलरच्या शर्टात आलात तर दारात चपला सांभाळायला उभं करीन. ताईने कापड आणलंय ते मला माहीत आहे.”

मास्तरांनी कपाटातून कापड काढलं, टेबलावर पसरलं, खडू घेतला, आणि मग नंबर टाकला. ‘या नंबराचं गिऱ्हाईक नाही.’

त्यांनी धाकटीला फोन लावला. धाकटीही बहिणीच्याच धंद्यातली होती, अजून नोकरीत.

“तुमच्या मशीनने माझं माप खाल्लं,” मास्तर म्हणाले.

“आमच्या मशीनने? बसवलं तुमच्या बायकोने, वापरलंत तुम्ही, आणि खाल्लं की आमचं?” मग तिच्या लक्षात आलं की पलीकडून टोला परत येत नाहीये. “भाऊजी, कुठलं माप? ताईने घेतलेलं?”

“हो.”

“शेवटचं कधी उघडलं होतंत?”

“कधीच नाही. जपून ठेवलं होतं.”

“अरे देवा,” धाकटी म्हणाली. “आत्ता काय करताय तुम्ही?”

“माझी बडबड पुसतोय. फार झालीय. जागा झाली की येईल परत. नाहीतर मोबाईलवाला आहेच.”

“हात वर करा!”

“काय?”

“दोन्ही हात वर करा, भाऊजी, आणि मशीनपासून लांब व्हा. पुसू नका. चालू-बंद करू नका. त्या मोबाईलवाल्याला दुकानात पाऊल टाकू देऊ नका. मी येतेय.”

ती येईपर्यंत मास्तर कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले. मध्येच बँकवाले साहेब कच्च्या शिलाईसाठी आले. “मास्तर, खांदा जरा बघता का?” ते ओरडले. मास्तरांनी खांदा बघितला, खडूने खूण केली, आणि सवयीने काउंटरकडे निघालेले पाय मागे घेतले.

“मशीनला सुट्टी आहे आज,” ते म्हणाले.

“आजारी आहे का?” साहेबांनी ओरडून विचारलं.

“अजून कळलेलं नाही.”

धाकटी आली ती ऑफिसमधूनच, खांद्याला लॅपटॉप. आल्याआल्या पडद्याकडे बघून म्हणाली, “हे काय चिकटवलंय?”

“अस्तर.”

“कॉम्प्युटरला अस्तर?”

तिने तुकडा काढला. खालचा पिवळा त्रिकोण अजून जागा होता. धाकटीने अक्षरं वाचली, मग चटचट काहीतरी टाइप केलं, मग मोबाईलवाल्याचा ज्या नावाने उद्धार केला ते नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं.

“ऐका,” ती म्हणाली. “त्याने सगळं टेबल मापांना देऊन टाकलं. तुम्ही बोलून बोलून ते भरलंत. भरल्यावर मशीनने ताईने शिकवलं तेच केलं. ज्याला सगळ्यात जास्त दिवस हात लागला नाही, ते आधी फेकलं. तुमचं माप एकदा घातलं आणि परत कुणी उघडलंच नाही. मशीनच्या मते तुम्ही दुकान सोडून गेलेलं गिऱ्हाईक.”

“मी तर रोज इथेच होतो.”

“मशीनला कसं कळणार? ते फक्त एवढंच बघतं, कशाला हात लागला आणि कशाला नाही. तुम्ही ज्याला जपायला हात लावत नाही, ते त्याला अडगळ वाटतं.”

पसरलेल्या कापडावरचा नसलेला धागा मास्तरांनी उचलला.

“थांबा, तोंड पाडू नका,” धाकटी म्हणाली. “अजून सांगून झालं नाहीये. टेबल भरल्यामुळे दुसरंही एक झालंय. नक्कल काढायला जागा उरली नाही. हा त्रिकोण तेच ओरडून सांगत होता, तुम्ही त्याच्या तोंडावर कापड टाकलंत. किती महिने नक्कल निघालेली नाही. म्हणजे माळ्यावर कुठली नक्कल आहे?”

“जुनी,” मास्तर म्हणाले.

“जुनी. तुमचं माप फेकलं जायच्या आधीची. नवी निघाली नाही म्हणून जुनी फेकली गेली नाही.” ती त्यांच्याकडे वळली. “आणि तुम्ही मघाशी बडबड पुसून जागा करत होतात. अजून जरा पुसलं असतंत ना, तर मशीनला पसरायला जागा झाली असती, त्याने लगेच नवी नक्कल काढली असती, आणि जुनी फेकून दिली असती. मग मीही काही करू शकले नसते आणि ताईची कंपनीही.”

मास्तरांनी आपल्या निबर बोटाकडे बघितलं. त्या बोटाने हळू टाइप केल्याचा आज पहिल्यांदाच फायदा झाला होता.

“म्हणजे माझ्या बडबडीनेच घालवलं आणि बडबडीनेच वाचवलं,” ते म्हणाले.

“ताई म्हणायचीच, हा माणूस बोलत नाही बोलत नाही आणि एकदा लागला की आवरत नाही. वाचलंय की नाही ते अजून बघायचंय.”

तिने माळ्यावरची ती जुनी नक्कल आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. मग बहिणीचाच प्रोग्राम तिथे चालू केला. आता ती नक्कल लॅपटॉपच्या मेमरीत चढणार, सगळीच्या सगळी, तेव्हा कुठे काही विचारता येणार. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागली. मास्तर तिच्याकडे बघत उभे होते. उकळायला ठेवलेल्या पाण्याकडे बघत बसलं की ते उकळत नाही म्हणतात, पण त्यांना दुसरीकडे बघवेना.

तेवढ्यात धाकटीने वेळ घालवायला म्हणून दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा नंबर टाकला. तिचे ब्लाऊज इथेच शिवले जायचे. कानातली वायर मशीनला लावलेली नव्हती. भर दुकानात मास्तरांचा आवाज घुमला, “बाईसाहेब, तुझ्या बहिणीने परवा बोलावलं होतं. केक केला होता. चव चांगली होती असं मी म्हणालो. कात्री नेली असती तर बरं झालं असतं.”

धाकटीने आवाज बंद केला.

“केक कडक झाला होता?” तिने विचारलं.

“माझे दात आता...”

“दातांचं नाव सांगू नका. डॉक्टरीणबाई तुमच्याच गिऱ्हाईक आहेत, मी विचारीन.” पण तिचे डोळे भरून आले होते. “हे सगळं तिला सांगत होतात? वर्षभर?”

“आणखी कुणाला सांगणार,” मास्तर म्हणाले. “तू केक खायला घालतेस.”

रेघ उजवीकडे पोचली. धाकटीने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. “तुम्ही टाका.”

मास्तरांनी एका बोटाने नंबर टाकला. या वेळी त्यांनी आकडे मोठ्याने म्हटले नाहीत. पडद्यावर छाती, पाठ, खांदा, गळा, पोट, एकेक आकडा उमटला, आणि बायको बोलू लागली.

“मास्तर, ऐकताय ना? गिऱ्हाईक समोर असेल तर त्याला बसवा. तुमचं माप घेतलं बरं का. दुपारी जेवून दुकानाच्या बाकावर आडवे होता ना, तेव्हा. छाती घेतली तर तुम्ही कूस बदललीत. म्हटलं चला, आता पाठ घेते. पाठ घेताना झोपेत म्हणालात, ‘काज करून ठेव.’ मी म्हटलं, ठेवते. गळा घेताना मात्र माझीच छाती धडधडली. एवढ्यात जाग आली असती तर काय सांगितलं असतं, बायको गळ्याला टेप लावून उभी. पोट जे आलं ते लिहिलंय, दोन बोटं कमी केलेली नाहीत. तुम्हीच शिकवलंय, गिऱ्हाइकाच्या पोटाला भुलायचं नाही. बाही तेवढी राहिली. हात डोक्याखाली घेऊन झोपता, सापडतच नाही. ती जागेपणी घेते. उद्या. गप्प उभं राहायचं, सांगून ठेवते.”

पडद्यावर बाहीसमोरची जागा कोरी होती.

धाकटी म्हणाली, “झोपलेल्या माणसाचं माप. म्हणे इंजिनीअर.”

“छाती बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. “पाठ थोडी सैल आहे. चालेल.” आणि मग ते बाकावर जाऊन बसले. त्याच बाकावर. बाकावर हात फिरवत ते जरा वेळ बसून राहिले आणि धाकटीने लॅपटॉपमध्ये काहीतरी काम असल्यासारखं केलं.

संध्याकाळपर्यंत तिने सगळं मार्गी लावलं. बहिणीचा तो शेरा आणि माप परत दुकानाच्या कॉम्प्युटरवर आणलं. मापांना पुन्हा निम्मंच टेबल दिलं, उरलेलं निम्मं रिकामं. त्यासाठी जागा करायला हवी होती, आणि जागा एकच गोष्ट हलवून होण्यासारखी होती.

“तुमचं बोलणं पुसत नाही,” ती म्हणाली. “माळ्यावर टाकते. डिस्कवर. हवं तेव्हा काढता येईल, शिडी लावून.”

“टाक,” मास्तर म्हणाले. “टेबलावर ठेवलं म्हणून तिला लवकर ऐकू जाणार आहे असं थोडंच आहे.”

नक्कल निघाली. पिवळा त्रिकोण गेला. अस्तराचा तुकडा मास्तरांनी टाकून दिला नाही, खिशात घातला. शिंपी तुकडे टाकत नाहीत.

जाताना धाकटीने टेबलावरची टेप उचलली. “आणा हात. बाहीचं माप मी घेते. एका मिनिटाचं काम.”

“घे की,” मास्तर म्हणाले, आणि हात पुढे केला. धाकटीने टेपचं टोक खांद्यावर ठेवलं. मास्तरांनी हात मागे घेतला. “आधी धड होऊ दे. बाही काय, नंतरही लागते.”

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. एरवी तिने चार टोमणे मारले असते. टेप गुंडाळून ठेवली आणि म्हणाली, “लग्नाच्या आधी मात्र लावा. नाहीतर चपलांपाशीच उभं करीन.”

धड झालं. मास्तरांनी ते तिच्या मापाने कापलं, पाठ सैल होती ती सैलच ठेवली, पोटाची दोन बोटं कमी केली नाहीत. लग्नात ते बिनबाह्यांचाच कोट घालून गेले, आत नवा शर्ट. लोकांना वाटलं, नवी फॅशन. ट्रंपेटवाल्याने तर असाच एक मागितला, म्हणाला, वाजवताना हात मोकळे राहतात. धाकटीने त्यांना चपलांपाशी उभं केलं नाही. आपल्या शेजारी बसवलं आणि केक वाढला. विकतचा होता, असं तिने स्वतःहून सांगितलं.

आता रोज सकाळी दुकान उघडलं की मास्तर आधी स्वतःचा नंबर टाकतात. शेरा पूर्ण ऐकायला गिऱ्हाईक येईपर्यंत वेळ मिळतोच असं नाही, पण नंबर टाकतात. मशीनला कळायला हवं की हे गिऱ्हाईक येतंय अजून.

कोट खुंटीला आहे. अस्तर बसलंय, काजं झालीत, बटणं लागलीत. बाह्यांचं कापड टेबलाच्या रिकाम्या निम्म्यावर घडी करून ठेवलंय. बाह्या राहिल्यात.